किंगलरची ताकद जाते कुठे? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

गेल्या लेखात पोकेमॉन गेममधल्या पाण्याच्या प्राण्यांचा उल्लेख आला आणि त्यानंतर आलेल्या पत्रांत खेकड्यांचीच गर्दी होती. नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख करून देतो. क्रॅबी हा लाल-केशरी छोटा खेकडा १९९६ च्या पहिल्या गेमपासून आपल्यासोबत आहे. तो वॉटर टाइपचा, म्हणजे पाण्याच्या गटातला आहे आणि २८ व्या लेव्हलला त्याचा किंगलर होतो. किंगलरची डावी नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य असते. मला हा प्राणी मनापासून आवडतो. त्याच्या वाट्याला बरीच वर्षे अन्याय आला असेही मला वाटते, आणि पहिला प्रश्न नेमका त्यावरच आहे.

दादाच्या जुन्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर मी फायररेड खेळतो. माझ्या किंगलरचा अटॅक टीममध्ये सगळ्यात जास्त आहे, तरी त्याचा क्रॅबहॅमर लागतच नाही. माझा किंगलर खराब आहे का? (इयत्ता आठवी, नाशिक)

तुझा किंगलर अगदी चांगला आहे. दोष गेमच्या त्या काळच्या नियमाचा आहे.

आता एखादा मारा अंगाने होतो की शक्तीने, म्हणजे फिजिकल की स्पेशल, हे प्रत्येक मूव्हवर, म्हणजे लढतीतल्या डावावर, वेगळे ठरते. फायररेडच्या काळात ते टाइपवरून ठरत असे. नॉर्मल, फायटिंग, रॉक, ग्राउंड हे टाइप फिजिकल. वॉटर, फायर, ग्रास, इलेक्ट्रिक हे स्पेशल. त्यामुळे क्रॅबहॅमर हा वॉटर टाइपचा मूव्ह किंगलर नांगी उगारून मारतो खरा, पण गेम हिशेब करताना त्याचा अटॅक बघतच नाही, स्पेशल अटॅक बघतो. किंगलरचा मूळ अटॅक १३० आहे आणि स्पेशल अटॅक फक्त ५०.

ढोबळ गुणाकार करून बघ. क्रॅबहॅमरची ताकद ९०. स्वतःच्या टाइपचा मूव्ह म्हणून दीडपट, आणि त्याला ५० ने गुणले की ६,७५० येतात. स्ट्रेंथची ताकद ८०. तो नॉर्मल टाइपचा आहे, म्हणून दीडपट मिळत नाही, पण गुणायचे १३० ने. आले १०,४००. शिवाय क्रॅबहॅमर शंभरातून पंधरा वेळा चुकतो, स्ट्रेंथ चुकत नाही. फ्यूशिया सिटीतल्या वॉर्डनचे सोन्याचे दात परत केलेस की तो स्ट्रेंथ देतो. तो किंगलरला शिकव आणि रोजच्या लढतीत तोच वापर. पाण्याचा मूव्ह मात्र काढून टाकू नकोस. जिओड्यूड, ग्रॅव्हलर, ओनिक्स यांच्यावर पाणी चौपट लागते आणि त्यांचा स्पेशल डिफेन्स कमी असतो. तिथे किंगलरचा अशक्त स्पेशल अटॅकही पुरून उरतो. भुतांवर स्ट्रेंथ अजिबात चालत नाही, तेव्हाही पाणीच.

एक गंमत सांगतो. १९९६ च्या अगदी पहिल्या ‘पोकेमॉन रेड’ गेममध्ये उत्तर वेगळे आले असते. तिथे क्रिटिकल हिटची, म्हणजे एरवीपेक्षा जास्त जोराच्या फटक्याची, शक्यता प्राण्याच्या मूळ वेगावर ठरायची आणि क्रॅबहॅमरसारख्या मूव्हला ती आठपट मिळायची. किंगलरचा वेग ७५ असल्याने त्याचा क्रॅबहॅमर २५६ पैकी २५५ वेळा क्रिटिकल लागे, म्हणजे जवळपास दुप्पट मार. स्पेशल कमी असूनही तो भारी पडायचा. पुढच्या पिढीत वेगाचा हा संबंध तोडला गेला आणि किंगलरची ही एकमेव सोयही गेली. २००६ मध्ये डायमंड आणि पर्ल आले, फिजिकल-स्पेशल मूव्हनुसार ठरू लागले आणि क्रॅबहॅमरला अखेर १३० चा अटॅक मिळाला. तोवर दहा वर्षे गेली होती. पुढे कधी लेट्स गो हा नंतरचा गेम खेळलास तर फायररेडमधलाच कँटो प्रदेश तुला नव्या नियमांनी खेळता येईल. तिथे बिनधास्त क्रॅबहॅमर मार.

मुलगा किंगलरचे चित्र दाखवतो आणि म्हणतो, "हा आपल्या खाडीतलाच आहे." आमच्याकडे ओहोटीला चिखलावर एकच डेंगा मोठा असलेले बारके खेकडे दिसतात. तो म्हणतो त्यात तथ्य आहे का? (एक आई, रत्नागिरी)

तुमच्या मुलाची नजर चांगली आहे. त्याचे म्हणणे मला पटते.

तुम्ही पाहता ते फिडलर खेकडे. खाडीचा चिखल, खाजण, कांदळवनाची कड अशा जागी ते शेकड्यांनी राहतात. पाठ जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर रुंद, पण नराची एक नांगी इतकी मोठी की काही नरांत शरीराचे जवळपास निम्मे वजन तिचेच असते. ही नांगी खायच्या कामाची नाही. नर फक्त छोट्या नांगीने चिखल तोंडाशी नेतो, त्यातले खाण्याजोगे कण काढून घेतो आणि उरलेल्या मातीची गोळी करून बाजूला ठेवतो. बिळाभोवती या गोळ्यांचा सडा दिसतो तो त्यामुळे. मादीच्या दोन्ही नांग्या छोट्या असतात आणि ती दोन्हींनी खाते.

मोठी नांगी दोन कामांची: दुसऱ्या नराशी झुंजायला आणि मादीला खुणावायला. नर बिळाच्या तोंडाशी उभा राहून ती वर उचलतो, खाली आणतो, पुन्हा उचलतो. आता गेममधली नोंद बघा. रूबी या गेमच्या पोकेडेक्समध्ये (प्राण्यांच्या माहितीच्या यादीत) म्हटले आहे की किंगलर ही प्रचंड नांगी हवेत हलवून इतरांशी संवाद साधतो, पण ती जड असल्याने लवकर दमतो. पहिल्या गेमच्या नोंदीतही तिची ताकद १०,००० अश्वशक्तीची सांगितली आहे आणि ती वापरायला अवघड असल्याचेही सांगितले आहे. फिडलर खेकड्याचे ओझे त्यात जसेच्या तसे उतरले आहे.

तुटलेली नांगी पुन्हा येते हेही दोन्हीकडे सारखे. क्रॅबीच्या नोंदीत लढाईत मोडलेली नांगी पुरती वाढून येते. खऱ्या खेकड्यातही येते, पण त्यात एक मेख आहे. आपल्या किनाऱ्यावरही आढळणाऱ्या एका फिडलर जातीत नव्याने आलेली मोठी नांगी लांबीला पहिल्याइतकीच दिसते, मात्र ती हलकी आणि झुंजीत कमजोर असते. समोरच्या नराला नुसते पाहून हा फरक कळत नाही. असा नर निव्वळ दिखाव्यावर आपली जागा राखतो. गेमवाल्यांनी हे किंगलरच्या एखाद्या अ‍ॅबिलिटीत (अंगभूत गुणात) आणले असते तर मला फार आवडले असते.

जिथे गेम सुटतो तेही मुलाला सांगा. किंगलर नर असो वा मादी, नांगी मोठीच. क्रॅबी वाळूत बिळे करतो आणि जागेवरून भांडतो. तो भाग मला किनाऱ्यावर तुरुतुरु पळणाऱ्या वाळूतल्या खेकड्यांकडून आलेला वाटतो. आणि एका जुन्या नोंदीत नांगी तुटली तर क्रॅबीला आडवे चालता येत नाही असे म्हटले आहे, ते खऱ्या खेकड्याला लागू नाही. आडवी चाल पायांच्या सांध्यांची आहे, नांगीची नाही.

ओहोटीला मुलाला घेऊन जा आणि बिळांपासून चार-पाच हातांवर हालचाल न करता बसा. सावली पडली की सगळे आत जातात, मग हळूहळू एकेक नांगी बाहेर येते. कोणाची डावी मोठी, कोणाची उजवी, हे त्याला मोजू द्या. किंगलरची कायम डावी असते. मुंबई-ठाण्याच्या वाचकांना हेच ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात बघता येईल.

पोकेमॉन स्वोर्डमध्ये माझ्या किंगलरची अ‍ॅबिलिटी शीअर फोर्स आहे. सगळे मित्र क्रॅबहॅमर ठेव म्हणतात. लिक्विडेशनपेक्षा तो बरा का? (महाविद्यालयीन वाचक, पुणे)

शीअर फोर्स असेल तर लिक्विडेशनच. क्रॅबहॅमर हा किंगलरचा मानाचा मूव्ह म्हणून सगळे त्याचे नाव घेतात, पण इथे तो मागे पडतो.

शीअर फोर्स फक्त जोडपरिणाम असलेल्या मूव्हना ३० टक्के जास्त ताकद देते आणि तो परिणाम काढून घेते. लिक्विडेशनमध्ये समोरच्याचा डिफेन्स उतरण्याची २० टक्के शक्यता असते, म्हणून ८५ चे ११०.५ होतात आणि नेम १०० टक्के राहतो. क्रॅबहॅमरची क्रिटिकलची वाढीव शक्यता हा या हिशेबात जोडपरिणाम धरत नाहीत. त्यामुळे तो १०० वरच राहतो, वर दहातला एक चुकतो. चुकण्याची आणि क्रिटिकलची सरासरी धरली तरी लिक्विडेशन ११३ च्या आसपास आणि क्रॅबहॅमर ९६ च्या आसपास पडतो. सोबत लाइफ ऑर्ब ही मार वाढवणारी वस्तू द्या. शीअर फोर्सने वाढलेल्या मूव्हला लाइफ ऑर्बची वाढ मिळते आणि त्याबद्दल एरवी जाणारा एक दशांश एचपी (प्राण्याचा जीव) वाचतो. रॉक स्लाइडलाही हाच लाभ. सुपरपॉवरला नाही, कारण तो स्वतःचेच स्टॅट उतरवतो.

माझी खरी काळजी तुमच्या मूव्हची नाही, किंगलरच्या अंगाची आहे. डिफेन्स ११५, पण एचपी ५५ आणि स्पेशल डिफेन्स ५०. चांगला थंडरबोल्ट बसला की खेळ संपला. म्हणून समोरचा माघार घेणार अशी खात्री असेल तेव्हाच त्याला आणा आणि त्या एका चालीत अ‍ॅजिलिटी हा वेग दुप्पट करणारा मूव्ह वापरा. ५० व्या लेव्हलला वेगावर पूर्ण ईव्ही (सरावाचे गुण) लावलेल्या किंगलरचा १२७ चा वेग २५४ होतो आणि मग त्याच्या आधी मारणारे फार थोडे उरतात. अटॅक वाढवणाऱ्या स्वोर्ड्स डान्सचा मोह पुष्कळांना होतो. मी तरी आधी वेगच घेईन, कारण किंगलरकडे मार आधीच भरपूर आहे, टिकाव नाही.

जायगँटामॅक्स (राक्षसी आकाराच्या) किंगलरसाठी रेडच (सामुदायिक लढतीच) शोधत बसायचे का? (सांगली)

नाही. स्वोर्डचा आइल ऑफ आर्मर हा जादा भाग असेल तर मॅक्स मशरूम गोळा करा आणि तिथल्या डोजोत मॅक्स सूप करून आपल्या आवडत्या किंगलरला पाजा. त्याचा खास मूव्ह जी-मॅक्स फोम बर्स्ट समोरच्यांचा वेग दोन पायऱ्या उतरवतो. डबल्समध्ये (दोघांविरुद्ध दोघे) हे फार कामाचे, कारण किंगलरसोबत जोडीदारालाही आधी मारता येते.

टीव्हीवर अ‍ॅशचा क्रॅबी पहिल्याच मोठ्या लढतीत एग्झेग्यूटरला हरवतो. वॉटर टाइपने ग्रास टाइपला हरवणे गेममध्ये शक्य आहे? (इयत्ता सहावी, कोल्हापूर)

शक्य आहे, फक्त पाण्याने नाही. मालिकेत हा क्रॅबी बहुतेक काळ प्रोफेसर ओककडेच होता. इंडिगो लीग स्पर्धेत मँडी या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो उतरला, एग्झेग्यूटरला हरवून किंगलर झाला आणि मग सीड्रा आणि गोल्बॅट यांनाही त्यानेच पाडले. त्या मालिकेतल्या माझ्या सर्वांत आवडत्या लढतींपैकी ही एक. गेममध्ये हेच करायचे असेल तर डायमंड-पर्लपासून पुढे किंगलरला एक्स-सिझर शिकव. तो बग टाइपचा मूव्ह आहे आणि एग्झेग्यूटर ग्रास-सायकिक असल्याने त्याला चौपट लागतो.

पोकेमॉन गोमध्ये क्रॅबीच्या ५० कँडी साठल्या आहेत. किंगलरवर खर्च करू की ठेवू? (ठाणे)

करा. गो हा गेम किंगलरला मुळातूनच मानवतो. तिथे अटॅक आणि स्पेशल अटॅक वेगळे नाहीत, दोन्ही मिळून एकच आकडा काढतात आणि त्यात मोठ्या आकड्याला सात अष्टमांश वजन मिळते. किंगलरचे १३० जवळपास पूर्ण मोजले जातात आणि त्याचा अटॅक २४० भरतो. मूळ गेममध्ये जे ५० त्याच्या गळ्यात पडले होते, त्यांना इथे फक्त एक अष्टमांश किंमत आहे.

बबल आणि क्रॅबहॅमर ही जोडी ठेवा आणि फायर, रॉक, ग्राउंड टाइपच्या रेडमध्ये वापरा. गेममध्ये पावसाचे हवामान लागले की वॉटर मूव्हची ताकद २० टक्के वाढते, शिवाय पावसात सापडणारे वॉटर टाइप वरच्या लेव्हलचे मिळतात. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे याची वाण नाही. तेव्हा पॉवर-अपसाठीचा चांगला क्रॅबी पावसाळ्यातच निवडा, उन्हाळ्यात पकडलेल्यावर स्टारडस्ट (पॉवर-अपला लागणारी भुकटी) घालू नका.

स्कार्लेटमध्ये किंगलर नाही. मग खेकडा हवा असेल तर कोणता घेऊ? (वाचक, बेळगाव)

क्लॉफ घ्या. तो रॉक टाइपचा आहे, कड्याला उलटा लटकून भक्ष्याची वाट बघतो, आणि त्याचे प्रचंड रूप तुम्हाला स्टोनी क्लिफ टायटन म्हणून भेटलेच असेल. त्याची अँगर शेल अ‍ॅबिलिटी नीट समजून घ्या. माराने एचपी निम्म्याखाली गेला की अटॅक, स्पेशल अटॅक आणि वेग एकेक पायरी चढतात, दोन्ही डिफेन्स एकेक पायरी उतरतात. म्हणजे त्याला एक मार खाऊ द्यायचा आणि लगेच उलटवायचा. ग्रास किंवा वॉटरचा मारा येणार असेल तर मात्र हा डाव टाळा, तो त्या एकाच माराने आडवा होऊ शकतो.

दुसरा पर्याय क्रॅबॉमिनेबल. क्रॅबरॉलरला आइस स्टोन दिला की तो होतो. अटॅक १३२, किंगलरपेक्षाही दोन जास्त, पण वेग ४३. ट्रिक रूम (संथ प्राण्याला आधी खेळू देणारा मूव्ह) लावणारा जोडीदार असेल तरच त्याच्या वाटेला जा. कथाच खेळून पुरी करायची असेल तर क्लॉफ लवकर मिळतो आणि शेवटपर्यंत चालतो.