डिटेक्टिव्ह लावायचा, पण कुठला?

"मॅडम, एखादा खात्रीचा डिटेक्टिव्ह आहे का हो तुमच्या ओळखीत?" लग्नसराई तोंडावर आली की हा प्रश्न मला हमखास येतो. मी विवाहपूर्व समुपदेशन करते, त्यामुळे माझ्या डायरीत असे नंबर असणारच, अशी लोकांची समजूत असते. नंबर मी देत नाही. पण एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका बँकेतून निवृत्त, काकू शिक्षिका होत्या. मुलीचा साखरपुडा झालेला, कार्यालय ठरलेलं. आणि एका दुपारी निनावी फोन आला : "मुलाचं आधी एक लग्न झालंय, नाशकात चौकशी करा." काकांची झोप उडाली. मुलीला एका अक्षरानं न सांगता त्यांनी आठवडाभरात तीन डिटेक्टिव्हना गाठलं आणि पहिल्यावर जवळजवळ शिक्कामोर्तब करून माझ्याकडे आले.

भुलण्यासारखंच होतं सगळं. चकाचक ऑफिस, भिंतीवर 'सरकारमान्य' अशी पाटी, आणि मुलाचे सहा महिन्यांचे कॉल रेकॉर्ड (कुणाला, कधी फोन केले त्याच्या नोंदी), व्हॉट्सॲप चॅट, सारं दोन दिवसांत हातात. पैसे मात्र आधी आणि रोख.

"काका, इथंच पाणी मुरतंय," मी म्हटलं. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांना २००५ च्या कायद्याखाली परवाना लागतो. खासगी गुप्तहेरांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. मग ही मान्यता दिली कुणी? आणि कॉल रेकॉर्ड पोलीसही रीतसर मागणी करूनच मिळवतात. २०१८ मध्ये ठाण्यात असे रेकॉर्ड बेकायदा विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांनाच अटक झाली होती. विकणारा अडकला की घेणाऱ्याच्या दारातही पोलीस येऊ शकतात. "मुलीच्या हळदीच्या दिवशी आले तर?" असं विचारल्यावर काका गप्प झाले.

मुलालाच सरळ विचारा, हे मी आधी सुचवून पाहिलं. काका तयार होईनात. "फोन खोटा निघाला तर व्याह्यांना तोंड कसं दाखवू?" मी ताणून धरलं नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून एखादा खटला दिसतो का, तेही पाहायला लावलं. काही सापडलं नाही. पण नाव लिहिण्याच्या दहा तऱ्हा, त्यामुळे त्यावर निश्चिंत होण्यात अर्थ नव्हता.

मग त्यांनी केलेली यादी पाहिली. पगार, दारू, कर्ज, मैत्रिणी, मित्र, ऑफिसातली वागणूक... "यातलं काय खरं निघालं तर लग्न मोडाल?" मी विचारलं. काकूंनीच उत्तर दिलं : "आधी लग्न झालं होतं का, एवढंच." बाकी यादीवर काट मारली. प्रश्न एक उरला की खर्चही आवाक्यात येतो आणि समोरचा भरकटवू शकत नाही.

तिसरे गृहस्थ नात्यातून सुचवलेले, पोलीस खात्यातून निवृत्त, पैसेही कमी घेणार. पण चहा पिता पिता त्यांनी त्याच कॉलनीतल्या कुणाच्या मुलीचं प्रकरण हाताळलं, ते चवीनं सांगितलं. काकूंनी तिथल्या तिथं त्यांना बाद केलं. मला काकूंचं फार कौतुक वाटलं. उद्या त्याच चवीनं आपली गोष्ट दुसऱ्याकडे जाते, क्वचित पैसे उकळायलाही वापरली जाते.

राहिला दुसरा. त्यानं काकांचंच ओळखपत्र आणि साखरपुड्याचा फोटो मागितला होता. "आमचीच चौकशी?" काका रागावले होते. माझ्या मते हीच त्याची जमेची बाजू. मुलाच्या मागावर असलेली भलतीच व्यक्ती बाप बनून आली नाही ना, याची तो खात्री करत होता. फोनला हात लावणार नाही, मुलाचा पाठलाग करणार नाही, हे त्यानं आधीच सांगितलं. करारात प्रश्न, दिवस, रक्कम, खर्च वाढला तर आधी विचारणं, अहवाल फक्त काकांच्या हाती आणि महिन्यानं कागद नष्ट, इतकं सगळं लिहिलेलं होतं. निम्मे पैसे बँकेतून, जीएसटीच्या बिलावर.

अकरा दिवसांनी चार पानं आली. कोणत्या तारखेला कुठे विचारलं, काय ऐकीव आणि काय कागदावरचं, हे वेगवेगळं मांडलेलं. शेवटी 'कळू शकले नाही' असाही एक परिच्छेद होता. तो वाचून माझा त्या माणसावरचा विश्वास वाढला. निष्कर्ष : लग्नाची नोंद मिळाली नाही, पूर्वी एक साखरपुडा मोडल्याचं दोन शेजाऱ्यांनी सांगितलं.

मुलीला सांगायचं कसं, यावर आमच्या आणखी दोन बैठका झाल्या. शेवटी काकूंनीच सांगितलं. साखरपुडा मोडल्याचं तिला माहीत होतं. मुलानंच दुसऱ्या भेटीत सांगितलं होतं. ती चार दिवस वडिलांशी बोलली नाही. चौकशी केली याचा राग कमी होता, आपल्याला वगळून केली याचा जास्त.

लग्न ठरल्या तारखेला झालं. तो फोन कुणी केला ते शोधून द्या, म्हणून काका पुन्हा त्या डिटेक्टिव्हकडे गेले होते. "नंबर पोलिसांना द्या, ते माझं काम नाही," म्हणून त्यानं त्यांना परत पाठवलं. काका अजून धुसफुसतात.