युद्धाच्या नीतीवर संशोधन करायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

ठाण्यात राहून, नोकरी सांभाळून एम.ए.चा प्रबंध लिहिणाऱ्याने या विषयाला हात कुठून घालावा, असे आपण विचारले आहे. युद्ध पुकारणे न्याय्य होते का आणि ते न्याय्य रीतीने लढले गेले का, हे दोन प्रश्न आधी वेगळे करावेत. पहिल्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतील बळाच्या वापरास मनाई करणारे कलम २(४) आणि स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करणारे कलम ५१ मुळातून वाचावे. दुसऱ्यासाठी १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि त्यांना जोडलेला १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल पाहावा; या प्रोटोकॉलमध्ये भारत सहभागी नाही, हे विसरून चालणार नाही.

मात्र माझ्या मते मराठी अभ्यासकाने महाभारतातील भीष्मपर्व टाळू नये. युद्धापूर्वी दोन्ही पक्षांनी ठरवलेल्या नियमांत रथ्याने रथ्याशीच लढावे, सैन्यातून बाहेर पडलेल्यास मारू नये, इतकेच नव्हे तर सारथी, शस्त्रे पुरवणारे आणि भेरी-शंख वाजवणारे यांच्यावरही प्रहार करू नये, असे म्हटले आहे. यांतील शस्त्रे पुरवणाऱ्याला आजचा कायदा इतके सरसकट संरक्षण देईल का, या एका प्रश्नावर अख्खे प्रकरण उभे राहू शकते. पुढे सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्या छावणीवर तुटून पडतो, तेव्हा त्या नियमांचे काय उरते, तेही तपासावे. महाभारताच्या भाषांतरासाठी १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करावी. करारांचे मूळ मजकूर रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.