अंगणवाडीत नव्याने लागलेल्या सेविकेसाठी

अगं, वजनाचं रजिस्टर तू नीट भरशीलच. पण आपल्या सोलापुरात पोरांची तब्येत पाण्यावर ठरते, हे आधी ध्यानात घे.

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो. 'घसा सुकतोय' म्हणत आजी तान्ह्याला चमच्याने पाणी पाजते. तिला प्रेमाने पण ठामपणे थांबव. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, उन्हाळ्यात जास्त वेळा. भरपूर पाणी प्यायचं ते आईने.

मोठ्या पोराला जुलाब लागले तर पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून बघ. सावकाश मागे गेली, डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं, तर ओआरएस पाजतच दवाखाना गाठायला लाव. एरवी ओआरएसचं एक लिटरचं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात. 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. झिंकची गोळी 14 दिवस. जुलाब थांबले की आया गोळी बंद करतात, म्हणून मधे एकदा घरी जाऊन पाकीट बघच.

नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल भरलेले. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. आठवड्याला घासून कोरडे करायला सांग.

पाऊस हुकला की परिणाम लगेच दिसत नाही. ज्वारी बुडते, घरचं दूध विकायला जातं आणि काही महिन्यांनी पोराच्या दंडाचा घेर 11.5 सेंमीखाली येतो. ती तीव्र कुपोषणाची खूण. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं निघण्याआधीच मोजून घे.