दिमित्रोव हे आडनाव मुळात कुठलं? टेनिसवाला ग्रिगोर दिमित्रोव आणि कम्युनिस्ट नेता गेओर्गी दिमित्रोव एकाच घराण्यातले का?

आडनाव बल्गेरियाचं, पण घराणं वगैरे काही नाही हो. पुण्यात दोन कुलकर्णी चुलतभाऊ निघायची जेवढी शक्यता, त्याहूनही कमी, कारण कुलकर्णी निदान चार-पाच पिढ्या कुलकर्णीच राहतात. दिमितरचा मुलगा दिमित्रोव, मुलगी दिमित्रोवा, संपलं. ज्या गावात दहा दिमितर त्या गावात एकमेकांशी संबंध नसलेली दहा दिमित्रोव घरं.

तुमच्या नेत्याचंच बघा. राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीच्या आगीच्या खटल्यात, १९३३ साली लाइपझिगला, स्वतःची बाजू स्वतः मांडून नाझी नेता गोअरिंगला उलटे प्रश्न विचारणारा हाच तो. पूर्ण नाव गेओर्गी दिमित्रोव मिहायलोव. म्हणजे दिमित्रोव हे मधलं, बापाचं नाव. आणि जगभर गाजलं ते मधलंच! त्यावरून बल्गेरियात १९४७ मध्ये दिमित्रोवग्राद नावाचं अख्खं शहर वसवलं, सर्बियातल्या त्सारिब्रोदचं नाव बदलून दिमित्रोवग्राद केलं, रशियातल्या मेलेकेसचंही १९७२ मध्ये तेच केलं. ग्रिगोर हास्कोवोचा, १९९१ चा जन्म, त्याच्या तर वडिलांचंच नाव दिमितर.

दिमितर एवढे का झाले, तर थेसालोनिकीच्या (आताच्या ग्रीसमधलं शहर) संत दिमितरमुळे. ११८५ मध्ये नॉर्मन लोकांनी थेसालोनिकी घेतलं तेव्हा इकडे बल्गेरियातल्या तर्नोवो गावात पेतर आणि आसेन या भावांनी त्या संताच्या नावाने चर्च उभारलं आणि लोकांना सांगितलं की संत ते शहर सोडून आपल्याकडे आलेत, आता आपल्यावर राज्य करणाऱ्या बायझंटाइन साम्राज्याविरुद्ध उठा. लोक उठले, आणि बल्गेरियाचं दुसरं साम्राज्य उभं राहिलं. एवढं झाल्यावर पोरांची नावं दुसरी काय ठेवणार. शिवाय २६ ऑक्टोबरचा दिमित्रोवदेन, म्हणजे या संताचा सण, हा गुराखी आणि सालगडी यांचा हिशोब मिटवायचा दिवस, त्यामुळे हा संत घराघरात. मितोव, मितेव, दिमोव हीसुद्धा त्याच दिमितरच्या लाडक्या नावांवरून निघालेली आडनावं.

आता मी हे का लिहितेय. मी कंपनीच्या कामाने बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियाला राहून आलेय. तिथे टीममध्ये दोन दिमित्रोव होते, नातं शून्य, आणि टीम लीड बाई होती, लग्न झालेली, आडनाव नवऱ्याचं, पण मधे दिमित्रोवा, कारण बापाचं नाव दिमितर. लग्न करा, घटस्फोट घ्या, परत लग्न करा, मधलं नाव बापाचं ते बापाचंच, बाईचंही. आपलं आणि त्यांचं हे सेम आहे, स्वतःचं, बापाचं, आडनाव, फक्त आपल्याकडे मुलीचा बाप लग्नाच्या दिवशी नावातून हाकलतात. माझा मी हाकलला नाही. तिथे कागदपत्रं करताना काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट बघितला, मधल्या नावावर बोट ठेवून विचारलं वडील ना, मी हो म्हटलं, तिने लिहून घेतलं. बास. मला अक्षरशः भरून आलं, कारण इकडे एका बँकेत जॉइंट अकाउंटसाठी साहेबांनी मला सांगितलेलं की मॅडम तुम्ही मिसेस आहात तर मधे मिस्टरांचं नाव पाहिजे, सिस्टीम घेत नाही. सिस्टीम घेत होती, साहेब घेत नव्हते. आणि घरी चुलत सासऱ्यांनी भर पंगतीत, जिलबी वाढताना, सगळ्यांसमोर विचारलं की नवऱ्याचं नाव लावायला कमीपणा वाटतो का, जगात कुठे असं असतं का. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे काका, बल्गेरियात असतं, आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) प्रमुख बाईंचं नाव क्रिस्तालिना इव्हानोवा गेओर्गिएवा-किनोवा आहे, त्यातला इव्हान हा बाप आहे.

आता हे आडनाव ठरलं आणि पसरलं कसं ते. १८७८ पर्यंत बल्गेरिया ऑटोमन तुर्कांच्या राज्यात होता, तेव्हा आडनाव असं पक्कं नव्हतंच, स्वतःचं, मग बापाचं, मग आजोबाचं, पुढच्या पिढीत आजोबा गळणार आणि आधीचा बाप त्याच्या जागी जाणार. हळूहळू कागदावर थांबलं. शेजारी गेलं की शेपूट बदलतं, मॅसेडोनियात दिमित्रोव्स्की, ग्रीसमध्ये दिमित्रियू, अमेरिकेत गेलेले शेवटी ऑफ लिहायचे, कॉम्प्युटरवाले जॉन अतानासॉफ आठवा, त्यांचे वडील बल्गेरियातून गेलेले, मूळ अतानासोव. आणि सरकारच्या हातात हेच शेपूट गेलं की काय होतं तेही बल्गेरियातच झालं, १९८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या तुर्कांची लाखो नावं जबरदस्तीने बदलली. वेटलिफ्टर नाइम सुलेमानोव, सुलेमानचा मुलगा, त्याचा नाउम शालामानोव केला. तो १९८६ ला मेलबर्नमधून पळाला, तुर्कस्तानात जाऊन सुलेमानोग्लू झाला, म्हणजे परत सुलेमानचाच मुलगा, आणि १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये गोल्ड. माझी आणि त्याची तुलना करत नाहीये, काउंटरवरचा साहेब आणि बंदूक यात फरक आहे एवढं कळतं मला.

हां, आणि सगळंच ओव बापाचं नसतं. विश्वनाथन आनंदशी २०१० मध्ये सोफियात खेळलेला बुद्धिबळपटू तोपालोव घ्या, ते तुर्की तोपाल म्हणजे लंगडा यावरून, कोणातरी पूर्वजाचं टोपणनाव. कोवाचेव लोहार, पोपोव पुजारी. आणि बल्गेरियन बायकाही बहुतेक नवऱ्याचं आडनाव घेतात, फक्त शेवटी वा लावून, तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. काका हे नक्की धरून बसतील, बसू देत, मुद्दा मधल्या नावाचा आहे.

तुम्हाला खरंच कोणाचं घराणं शोधायचं असेल तर आडनाव सोडा, गाव आणि आजोबाचं नाव विचारा. आपल्याकडे महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात आता आईचंही नाव येतंय, कागदपत्रांत ते सक्तीचं झालंय. आमच्या घरात पुढचं बारसं होईल तेव्हा पंगतीत काय बोलणं होतं ते मी आवर्जून ऐकणारे.