व्हॉलीबॉलमध्ये दोन वर्षं अटॅकर असलेल्या मुलीला सेटर केलंय आणि ती रुसलीय. तिला नव्या जागेत कसं रमवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी १३ वर्षांची आहे, दोन वर्षं चार नंबरवरून, म्हणजे नेटच्या डाव्या टोकावरून, स्मॅश मारत होती, या मोसमात सरांनी तिला सेटर, म्हणजे इतरांना मारण्यासाठी बॉल उचलून देणारी, केलं आणि तेव्हापासून सरावाला निघताना रोज रडारड होते. ‘मला शिक्षा केलीय’ हे तिचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं दिलंत ते बरं केलंत, कारण खरा गुंता तिथेच आहे.

मी १५व्या वर्षी नेमकी अशीच अटॅकरची सेटर झाले होते, आणि गेली बारा वर्षं या वयाच्या मुलामुलींना शिकवते आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

स्मॅश मारणाऱ्या मुलीला काय काय मिळत असतं ते आधी आठवा. बॉल जमिनीवर आपटल्याचा आवाज, पंचांची शिट्टी, पाठीवर पाच जणींच्या थापा. केलेल्या कामाची पावती तिथल्या तिथे. सेटरच्या बोटांतून बॉल निघतो तेव्हा काहीच वाजत नाही. बॉल छान दिला तर टाळ्या मारणारीला, चुकला तर सगळ्यांच्या माना सेटरकडे. शिवाय कालपर्यंत जी टीममधली जाणती होती, ती एका दिवसात नवखी झाली. दोन हात मागेपुढे लागतात, ‘डबल’ची (बॉलला दोनदा हात लागल्याची) शिट्टी वाजते आणि तेही मैत्रिणींसमोर. म्हणून पहिले काही दिवस तिला समजावायला जाऊ नका. ‘वाईट वाटणारच, दोन वर्षं घाम गाळून कमावलं होतंस ते’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. तिच्या शेजारी बसा, पण गप्प बसा.

‘सेटर म्हणजे टीमचा मेंदू’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते खोटं नाही. पण दिवसभरात वीस बॉल वेडेवाकडे गेलेल्या मुलीला ते ऐकवलं की तिला वाटतं, आपली समजूत घालताहेत. आणि मुलांना समजूत घातलेली लगेच कळते.

आता माझी गोष्ट, कारण तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर त्यातच आहे. सेटर झाल्यावर तीन-चार महिने मी एकच काम करत होते. आलेला बॉल उंच करून चार नंबरला द्यायचा. तिथे माझी मैत्रीण खेळायची आणि उंच बॉल दिला की कुणी ओरडत नसे. एका संध्याकाळी टीममधली एक मोठी ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली. पास माझ्याकडे येत असतानाच तिने विचारलं, “पलीकडची मधली कुठे आहे?” मला सांगता येईना. पुढच्या बॉलला पुन्हा तोच प्रश्न, त्याच्या पुढच्यालाही तोच. सहाव्या-सातव्या वेळी मला ती मधली ब्लॉकर (नेटवर हात वर करून स्मॅश अडवणारी) एकदाची दिसली. मी नेहमीसारखी चार नंबरलाच देणार हे गृहीत धरून ती आधीच तिकडे दोन पावलं सरकलेली होती. मी बॉल डोक्यावरून मागे, दोन नंबरला, म्हणजे नेटच्या उजव्या टोकाला दिला. तिथल्या मुलीसमोर एकच ब्लॉकर उरली होती आणि तीही उशिरा उडाली. टाळ्या स्मॅश मारणारीलाच मिळाल्या. पण ती मधली ब्लॉकर वळून माझ्याकडे बघत राहिली, आणि ती नजर मला आजही आठवते.

स्मॅश मारताना मला समोर फक्त बॉल आणि दोन हात दिसायचे. सेटरच्या जागेवरून पलीकडची अख्खी टीम दिसते, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या मुलीलाही ती जागा आवडत नाही याचं एक मोठं कारण हे असणार की तिला तिथून अजून काही दिसतच नाही. तिची सगळी नजर स्वतःच्या बोटांवर आहे. म्हणून त्या जागेची महती सांगण्यापेक्षा तिथून काय बघायचं ते शिकवा.

खेळ न खेळलेल्या पालकांनाही हे जमतं. कोर्ट ९ मीटर रुंद असतं आणि मधल्या ब्लॉकरला मधोमध उभं राहून दोन्ही टोकांना पोचायचं असतं. लवकर निघाली तर मधूनच झटपट बॉल मारला जातो, थांबली तर टोकाला पोचायला उशीर होतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक रॅलीत या दोघींची, सेटरची आणि त्या ब्लॉकरची, एक वेगळी झुंज चालू असते. एखादा चांगला सामना दोघींनी मिळून बघा. व्हिडिओ असला तरी चालेल. नियम एवढाच की बॉल बघायचा नाही. दहा रॅली फक्त एका बाजूची मधली ब्लॉकर बघायची. पुढच्या दहा रॅलींत, पास सेटरच्या हातात पोचायच्या आत बॉल कुठे जाणार ते ‘चार’, ‘तीन’ (नेटजवळ मधोमध), ‘दोन’ किंवा ‘मागे’ (मागच्या रांगेतलीला) असं मोठ्याने ओळखायचं. कुणाचे अंदाज जास्त बरोबर येतात ते मोजा. सुरुवातीला तुम्ही दोघी जवळपास सारख्याच चुकाल. थोड्याच दिवसांत ती तुम्हाला हरवायला लागेल, आणि ‘ही सेटर उघडी पडतेय, खांदा आधीच वळवते’ असं काहीतरी तिच्या तोंडून निघेल. त्या वाक्याची मी प्रत्येक मुलीच्या बाबतीत वाट बघते.

मात्र नजर पलीकडे जायची तर हातांची काळजी मिटलेली असावी लागते. त्याला कष्ट आहेत आणि ते रोजचे आहेत. घरी भिंतीवर १०-१५ मिनिटं पुरतात. बॉल कपाळाच्या वर, दोन अंगठे आणि दोन तर्जन्यांमधून दिसेल असा. तळहात लागू द्यायचा नाही, बोटांनी घ्यायचा. जोर हातांपेक्षा गुडघ्यांतून. पाठीवर झोपून सरळ वर बॉल उडवायचा आणि पुन्हा कपाळावरच घ्यायचा, हा प्रकार मला फार आवडतो, कारण बॉल जरा तिरका निघाला की लगेच कळतं. पण यापेक्षाही महत्त्वाचे पाय. सेटरचे वाईट बॉल बहुतेक वेळा हातांमुळे जात नाहीत, ती बॉलखाली वेळेत पोचलेली नसते म्हणून जातात. अटॅकर मुली बॉल जिथे येईल तिथे हात लांबवून घ्यायला बघतात. सेटरला आधी पळायचं, थांबायचं आणि मग हात वर न्यायचे. मागच्या रांगेत असेल तेव्हा तर पलीकडच्या सर्व्हिसला हात लागताक्षणी तिला नेटकडे धाव घ्यायची असते. आधी निघाली तर जागा सोडल्याची चूक धरली जाऊ शकते. घरी कुणीतरी बॉल मुद्दाम इकडेतिकडे फेका आणि तिला हात न लावता, नुसतं त्याच्याखाली जाऊन कपाळाने झेलल्यासारखं उभं राहायला सांगा. हे विचित्र दिसतं, पण उपयोग होतो.

तिच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी लहानपणापासून सेटर असलेल्या कित्येक मुलींकडे नसते, आणि ती तिला कुणीतरी दाखवून द्यायला हवी. तिला बॉल मारता येतो. कोणता बॉल मारावासा वाटतो आणि कोणता नकोसा वाटतो हे तिच्या खांद्याला ठाऊक आहे. नेटला चिकटलेला बॉल आला की काय होतं, धाव घेतल्यावर बॉल मागे राहिला की कसं चिडायला होतं, हे सगळं. माझ्याकडच्या एका मुलीला मी एक छोटी वही करायला लावली होती. पहिल्या पानावर तिने स्वतःला कसा बॉल आवडायचा ते लिहिलं. उंची, नेटपासूनचं अंतर, वेग. मग एकेका अटॅकरला विचारून एकेक पान. ‘हिला कमी उंचीचा, पण लवकर.’ ‘ही उशिरा निघते, थांबावं लागतं.’ ‘हिचा एक बॉल ब्लॉक झाला की पुढचा सोपा द्यायचा.’ शेवटची ओळ तिने कुणी न सांगता लिहिली होती. आदल्या महिन्यात तीच मुलगी मला ‘मला परत चार नंबर द्या’ म्हणून विनवत होती.

मोजायचं काय, तेही बदला. गुण मोजलेत तर सेटरच्या वाट्याला शून्यच येणार. त्याऐवजी दहा बॉलांपैकी किती बॉल स्मॅश मारणारीला पूर्ण हात फिरवून मारता आले ते मोजा. मारणारीने नंतर तो बाहेर मारला की नेटमध्ये, याचा हिशेब सेटरकडे नाही. सुरुवातीला दहातले चार येतील. ते सहा झालेले तिला कागदावर दिसू द्या. वाईट पास उचलून दिलेला बॉल मी वेगळा मोजते, कारण तिथे सेटरची खरी मेहनत असते आणि बघणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाही. सरावावरून आल्यावर ‘आज किती मारलेस?’ ही सवय जिभेला असेल तर ती तुम्हालाच मोडावी लागेल. ‘आजचा सगळ्यात अवघड बॉल कोणता उचललास?’ असं विचारून बघा.

आणि स्मॅश तिच्यापासून कायमचा काढून घेऊ नका. सरावाच्या शेवटी पाच-दहा मिनिटं मारायला मिळतील का, असं सरांना जरूर विचारावं. सेटर पुढच्या रांगेत असली की तिला दुसऱ्याच स्पर्शाला बॉल सरळ पलीकडे टाकता येतो किंवा मारताही येतो, आणि अटॅकर राहिलेल्या मुलीच्या हातात ते फार धोकादायक हत्यार असतं. (मागच्या रांगेत असताना मात्र ३ मीटरच्या रेषेच्या आतून, पूर्ण नेटच्या वर असलेला बॉल तिने पलीकडे टाकला तर ती चूक आहे. मुली हे हमखास विसरतात.) टीम ६-२ पद्धतीने खेळत असेल तर दोन सेटर असतात, मागच्या रांगेतली सेट करते आणि पुढच्या रांगेतली चक्क स्मॅश मारते. अमेरिकेचा कार्च किराय यूसीएलए विद्यापीठाच्या टीममध्ये असाच सेटही करायचा आणि मारायचाही. पुढे त्याने १९८४ आणि १९८८ मध्ये इनडोअर आणि १९९६ मध्ये बीच व्हॉलीबॉलचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

त्याहूनही मी मुलींना किम यन-क्यंगची गोष्ट सांगते. दक्षिण कोरियाची ही अटॅकर २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरली, तेही तिची टीम चौथी आलेली असताना. शाळेत असताना ती उंचीला कमी होती, त्यामुळे सेटर, लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी) अशा जागांवर खेळली. मग उंची भराभर वाढली, १९२ सेंटिमीटरपर्यंत गेली, आणि ती अटॅकर झाली. एवढ्या उंच मुलीचं रिसीव्हिंग इतकं पक्कं कसं, याचं उत्तर मला त्या जुन्या वर्षांत दिसतं. १३व्या वर्षी मिळालेली जागा म्हणजे कपाळी लिहिलेलं काही नसतं. शरीर अजून बदलायचं आहे, आणि सेटर म्हणून शिकलेले पाय आणि नजर कुठल्याही जागेवर कामाला येतात.

सरांशी बोलणं गरजेचं आहे, पण ते तिने बोलावं. तुम्ही सोबत जा, चार पावलं मागे उभे राहा. सामन्याच्या दिवशी नको आणि इतरांसमोरही नको. तिने तीन गोष्टी विचाराव्यात. मलाच का निवडलं? किती दिवसांसाठी? आणि महिन्याभरात माझ्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मुलीला वाटतं त्याच्या अगदी उलट असतं. आम्ही सेटर निवडतो तेव्हा हात मऊ आहेत का, पाय हलतात का आणि चूक झाल्यावर मुलगी पुढच्या बॉलला तयार असते का, हे बघतो. टीममधली सगळ्यात कच्ची मुलगी कुणी तिथे ठेवत नाही, कारण रॅलीतला दुसरा बॉल बहुतेक वेळा तिच्याच हातात येणार असतो. पण हे तिला सरांच्या तोंडून ऐकू दे. तुम्ही सांगितलंत तर ते पुन्हा समजूत घातल्यासारखं होईल. सर तोडून बोलले, किंवा ही जागा खरोखरच राग म्हणून दिली आहे असं स्पष्ट दिसलं, तर मात्र गप्प राहू नका. तेव्हा मोठ्यांनी मोठ्यांशी बोलायचं असतं.

एवढं सगळं करूनही तिचं मन लागणार नाही, असंही होतं. माझ्याकडच्या दोन मुली मोसम संपल्यावर पुन्हा अटॅकला गेल्या आणि खुश आहेत. म्हणून आत्ताच ‘कायमची सेटर’ असं काही ठरवू नका, एक तारीख ठरवा. पहिला महिना कशातच धरू नका, तो वाईटच जातो. मोसमाच्या शेवटचा एखादा दिवस घ्या, त्या दिवशी तिने, तुम्ही आणि सरांनी बसून पुन्हा बोलायचं असं पक्कं करा आणि तिला स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर खूण करू द्या. तोपर्यंत घरात हा विषय तुमच्याकडून निघायला नको. तिने काढला तर हातातलं काम बाजूला ठेवून पूर्ण ऐका.