बोर्डावर 90, वहीत 51

प्रश्न : सर, चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी शिफ्टला असतो. बोर्डावर फर्मेंटेशन एफिशियन्सी 90 टक्के लिहितात. मुलगी पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे. तिने त्याच रिअॅक्शनची अॅटम इकॉनॉमी काढली, ती 51 टक्के आली. म्हणते, पप्पा, तुमचा बोर्ड खोटा. खरं काय?

उत्तर : बोर्ड खोटा नाही आणि पोरगीही चुकलेली नाही. दोघांनी भागलंय वेगवेगळ्या आकड्याने.

180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. 92 भागिले 180 म्हणजे 51.1 टक्के. घातलेल्या मालाच्या वजनापैकी किती वजन हव्या त्या पदार्थात उतरतं, हीच अॅटम इकॉनॉमी. काडीचीही नासाडी झाली नाही तरी निम्मी साखर वायू होऊन उडणारच. केमिस्ट हे आधीच धरून चालतो; जेवढं मिळणं शक्य होतं त्यातलं किती हाती आलं, एवढंच बोर्डावर चढतं.

टनभर मळीत आंबण्याजोगी साखर 400 किलो धरा. त्यातून जास्तीत जास्त 204 किलो अल्कोहोल, म्हणजे 259 लिटर. नव्वद टक्क्यांनी 233 लिटर. साखरेच्या वजनाशी ताडलं तर हातात 46 टक्केच. आता लॅबमधली एक गोम. मळीतली बरीच साखर सुक्रोज असते. 342 ग्रॅम सुक्रोज 18 ग्रॅम पाणी घेऊन फुटतं आणि 360 ग्रॅम होतं, म्हणून 100 किलो सुक्रोज हिशेबात 105 किलो धरतात. सगळं सुक्रोज असताना हे विसरलात तर नव्वदाचे जवळपास पंचाण्णव दिसतात आणि साहेब उगाच खूश होतात.

उरलेल्या दहा टक्क्यांतले थोडेच तुमच्या हातातले. थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीला खातं, थोडीचं ग्लिसरॉल होतं, त्याला इलाज नाही. पण टाकी धुताना कंटाळा केला की बॅक्टेरिया शिरतात, वॉश, म्हणजे टाकीतला आंबवलेला रस, आंबट होतो. एप्रिलच्या उन्हात कूलिंग कमी पडलं की यीस्ट मरगळतं. मी डिस्टिलरीत होतो तेव्हा मीटरपेक्षा आधी वासावर भरवसा ठेवायचो.

51 मात्र कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. त्यासाठी रिअॅक्शनच बदलावी लागते. इथिलीन आणि पाण्यापासून अल्कोहोल केलं तर अॅटम इकॉनॉमी 100 टक्के. पण 300 अंश तापमान, साठ-सत्तर पट हवेचा दाब, आणि एका फेरीत जेमतेम 5 टक्के इथिलीन कामी येतं. उरलेलं पुन्हापुन्हा फिरवायचं. शिवाय इथिलीन येतं पेट्रोलियममधून. तेव्हा नुसत्या शंभरावर भाळू नये, असं माझं मत.

तुमच्याकडे कार्बन डायऑक्साइड पकडून सोडावाटर, ड्राय आइसवाल्यांना विकत असतील, तर ती 88 ग्रॅमही कमाईत धरा. विकत असोत वा नसोत, तो वायू हवेपेक्षा जड असल्याने रिकाम्या फर्मेंटरच्या (आंबवायच्या टाकीच्या) तळाशी बसून राहतो. ब्लोअर लावून, हवा तपासून आणि वर माणूस उभा ठेवल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका.