स्विफ्ट डिझेलचा ईजीआर बंद करून टाकावा का?

तुमची २०१४ ची स्विफ्ट डिझेल, पिकअप गेलाय, मागून काळा धूर मारतेय आणि मेकॅनिक म्हणतोय ईजीआरला (सायलेन्सरकडे जाणारा थोडा जळका गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पत्रा मारून, म्हणजे गॅसच्या वाटेत पत्र्याचा तुकडा बसवून, बंद करून टाकू. पत्रा नका मारू, आधी खोलून साफ करून घ्या.

माझं गॅरेज आहे, असली केस कायम येते. गावातल्या गावात फिरणाऱ्या, चौथा गिअर क्वचित पडणाऱ्या गाड्यांचे व्हॉल्व्ह काजळीने भरतात, त्यात ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) येणारी ऑइलची वाफ मिसळली की त्याचं पार डांबर होतं आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकून बसतो, मग तुम्ही पाय कितीही दाबा, ताज्या हवेच्या जागी जळका गॅसच आत जाणार आणि धूर होणारच. धड चालणारा व्हॉल्व्ह फुल अ‍ॅक्सिलरेटरला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच बंद करतो, त्यामुळे "पत्रा मारला आणि पॉवर वाढली" म्हणतात ना, त्यांची गेलेली पॉवर परत आलेली असते बस, ती साफ करूनही येते.

शिवाय पत्रा मारल्यावर ईसीयू गप्प बसत नाही, एअर फ्लो सेन्सरवरून त्याला कळतं की गॅस येत नाहीये, मग पी०४०१ कोड (ईजीआरचा गॅस कमी पडतोय) आणि चेक इंजिनचा दिवा, तो घालवायला रीमॅप (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणं), म्हणजे परत खर्च.

पीयूसीत पकडत नाहीत हे खरंय, डिझेलला तिथं धूर किती दाट तेवढंच बघतात, आणि ईजीआर बंद केल्यावर धूर उलट कमीच होतो. वाढतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड, ते डोळ्याला दिसत नाहीत. पण कंपनीची रचना अशी बदलायला कायद्याने परवानगी नाही, प्रदूषणाच्या कलमात दंड १०,००० पर्यंत आहे. बीएस-६ गाडी असेल तर विषयच सोडा, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) वगैरे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

आणि हो, व्हॉल्व्ह खोलायच्या आधी टर्बो ते इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) पाईप हात फिरवून बघा, चिरला असेल तर तिथं ऑइलचा ओला डाग दिसतो, रेस केल्यावर फुस्स आवाज येतो. लक्षणं सेम, बिचारा ईजीआर फुकट बदनाम. पाईप ठीक असेल तर व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनर आणि ब्रशने घासायला सांगा, व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रिक मोटरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका, गॅस्केट नवीनच टाका. साफ करूनही अडकत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा लागेल.